एका हाताला झेपणारी गन

मित्रांनो, लोक मला गन म्हणतात, पण त्या नावाला घाबरू नका. माझ्यातून गोळी सुटत नाही, खिळा सुटतो. आणि तोही लाकडाला नाक टेकल्याशिवाय नाही. कॉम्प्रेसर नावाचे यंत्र टाकीत हवा दाबून भरते, ती हवा नळीतून माझ्या पोटात येते, कुणीतरी माझा घोडा ओढते आणि ‘फट्’ आवाज होऊन खिळा लाकडात जाऊन बसतो. एवढीच माझी विद्या. मी एक जुनी, स्वस्तातली, हिरव्या रंगाची गन आहे. मुठीपाशी माझा रंग पार उडाला आहे आणि पाठीला एक मोठा पोचा आला आहे. तरीही आज तुमच्याशी बोलायला बसले आहे ती रडगाणे गायला नाही. ज्यांचे आभार मानायचे राहून गेले अशी बरीच माणसे माझ्या आयुष्यात आहेत, म्हणून.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. वितळलेले अ‍ॅल्युमिनियम साच्यात ओतून माझे अंग बनले. पोटात एक दट्ट्या बसवला, दट्ट्याला खिळा ढकलणारी पोलादी पट्टी जोडली, हवा गळू नये म्हणून रबरी कड्या घातल्या. आमच्या रांगेच्या शेवटी एक कामगार बाई बसत. प्रत्येक गनमधून तीन खिळे मारून बघायचे, एवढेच त्यांचे काम. माझे पहिले दोन खिळे सरळ गेले, तिसरा तिरपा बसला.

शेजारचा माणूस म्हणाला, “जाऊ द्या हो पुढे. स्वस्तातला माल, कोण एवढं बघतंय?”

“मी बघतेय ना,” त्या म्हणाल्या. त्यांनी मला पुन्हा उघडले. माझ्या नळीत धातूचा एक बारीक कीस अडकला होता, तो चिमट्याने काढला आणि पुन्हा तीन खिळे मारले. तिन्ही सरळ गेले. मग त्यांनी माझ्या खोक्यावर बरोबरची खूण केली. त्यांचा चेहरा मला नीट दिसलाही नाही, पण माझे पुढचे सगळे आयुष्य त्या एका किसावर अडले होते, हे मला फार नंतर कळले.

तिथून मी एका हत्यारांच्या दुकानात आले आणि सगळ्यात खालच्या फळीवर पडले. वरच्या फळ्यांवर नावाजलेल्या कंपन्यांच्या लालभडक, चकचकीत गन होत्या. गिऱ्हाईक आले की त्याची नजर वरच्या वर फिरून परत जाई. माझ्याकडे बघायचे तर वाकावे लागे, आणि वाकायला कुणाला वेळ नव्हता. सात-आठ महिने मी खोक्यात बसून लोकांच्या चपला आणि बूट बघत होते.

एके दिवशी सकाळी दुकान उघडता उघडताच एक बाई आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या असतील. खांद्याला कापडी पिशवी होती, उजव्या अंगठ्याचे नख काळेनिळे पडले होते. पुढे त्यांना सगळे ‘वहिनी’ म्हणताना ऐकले, म्हणून मीही वहिनीच म्हणते.

“हवेवर खिळे मारायची गन हवीय. स्वस्तातली, पण टिकाऊ,” त्या म्हणाल्या.

दुकानदार हसला. “ताई, मिस्त्रींनाच घेऊन या ना. यात बरेच प्रकार असतात. त्यांना लगेच कळेल.”

“ते यायचे नाहीत. आणि मला कळेपर्यंत मी इथून हलायची नाही. तुम्ही दाखवा.”

दुकानदाराने एक-एक गन काचेच्या टेबलावर मांडायला सुरुवात केली. पहिली दाराच्या चौकटींना जाड खिळे मारणारी, धिप्पाड. वहिनींनी ती एका हाताने उचलली आणि त्यांचे मनगट खाली झुकले. “ही उचलायलाच वेगळा माणूस ठेवावा लागेल,” असे म्हणून त्यांनी ती परत दिली. दुसरी नाजूक, केसासारख्या बारीक बिनडोक्याच्या पिना मारणारी. “ही फोटोच्या फ्रेमला चांगली,” दुकानदार म्हणाला. “मग माझ्या कामाची नाही. माझ्या चौकटींना मधाचं वजन पेलायचंय.” तिसरी बॅटरीची, नळीबिळीची कटकट नसलेली. तिची किंमत ऐकून वहिनींनी ती जशी उचलली तशीच, अगदी जपून, खाली ठेवली.

मग दुकानदार वाकला. हो, मित्रांनो, तो वाकला, आणि मी त्या टेबलावर आले.

“ही बघा. हिच्यात अठरा नंबरचे खिळेही चालतात आणि त्याच नंबरच्या स्टेपल पिनाही. नंबर जेवढा मोठा तेवढा खिळा बारीक, उलटा हिशेब असतो यात. या खिळ्याने पातळ लाकूडही फुटत नाही. वजनाला हलकी आहे. कंपनीचं नाव मात्र कुणी ऐकलेलं नाही, ते आधीच सांगतो.”

“नाव खिळे मारतं का?” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून घरून आणलेल्या पातळ लाकडी पट्ट्या काढल्या. “यांच्यावर मारून दाखवा. थांबा, मीच मारते.”

आता जे झाले ते दुकानदाराने आधी कधी पाहिले नसावे. वहिनींनी आपला डावा हात पाठीमागे नेला आणि तिथेच ठेवला. एका उजव्या हाताने मला आडवी पाडली, अंगठ्याने माझा कप्पा सरकवला, खिळ्यांची पट्टी आत घातली, कप्पा लावला. दोनदा पट्टी निसटली, तिसऱ्यांदा बसली. दुकानदाराने दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी मला जोडली. मग पोटाने लाकूड टेबलाच्या कडेशी दाबून धरून वहिनींनी माझे नाक टेकवले आणि घोडा ओढला. फट्! पातळ पट्टी चिरली नाही. लाकडावर माझ्या नाकाचा डागही पडला नाही, कारण नाकाला रबराची टोपी होती.

“खिळा अडकला तर? पाना लागतो उघडायला?”

“नाही, ही वरची खिटी उचलायची. पण त्याआधी हवेची नळी काढायची, हे विसरायचं नाही.”

“आणि आतलं रबर गेलं तर मिळतं?”

“मिळतं. सगळ्या साध्या मापाचंच आहे.” दुकानदाराला आता राहवेना. “पण ताई, हात मागे का धरलाय? दुखतोय का?”

तेव्हा वहिनींनी सांगितले. त्यांचे मिस्टर सुतारकाम करत. दीड वर्षापूर्वी करवतीच्या मशीनमध्ये त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटे गेली. जखम भरली, पण त्या हाताला आता बारीक खिळा धरता येत नव्हता. मग वहिनी पकडीत खिळा धरायच्या आणि मिस्त्री हातोडी मारायचे. एक दिवस हातोडी निसटली आणि वहिनींच्या अंगठ्यावर बसली.

“अंगठा बरा होईल हो. पण त्या दिवसापासून ते हातोडीला शिवलेले नाहीत. महिना झाला. शेडमध्ये जातात, बसतात, उठून येतात. मधमाश्या पाळणाऱ्या एक मधवाल्या आजी आहेत, त्या काम घेऊन आल्या, त्यांनाही नाही म्हणाले. मी मागच्या दाराने जाऊन हो म्हणून आले.”

दुकानदाराने मला पुसले. खोक्यात खिळ्यांची एक जास्तीची पिशवी टाकली आणि तेलाची छोटी बाटली ठेवली. “रोज सकाळी दोन थेंब,” तो म्हणाला. “स्वस्त हत्याराला महागड्यापेक्षा जास्त जपायचं, मग ते दगा देत नाही.” त्याचेही आभार. आपल्याकडची महागडी गन गळ्यात मारायची संधी त्याने सोडली होती.

घरामागे एक शेड होती. भिंतीला ओळीने करवती, पटाशा, रंधे, आणि मधोमध घासून गुळगुळीत झालेले कामाचे टेबल. वहिनींचा धाकटा भाऊ रंगारी होता. फवाऱ्याने रंग मारायचा त्याचा जुना कॉम्प्रेसर त्याने आणून दिला होता. तो सुरू झाला की खोकल्याची उबळ आलेल्या म्हाताऱ्यासारखा आवाज करी. मिस्त्री दारात उभे होते. उंच, सडपातळ, कानामागे पेन्सिल. डावा हात खिशात.

“हे काय आणलंस?”

“तुम्हाला दिसतंय की.”

“परत दे. घोडा ओढला की खिळा बसला, मग मिस्त्री कशाला हवा? रस्त्यावरचा कुणीही माणूस धरून आण आणि बसव.”

“कुणी नको. मीच बसते,” वहिनी म्हणाल्या.

मधवाल्या आजींना मधमाश्यांच्या पेट्यांत टांगायच्या चौकटी हव्या होत्या. एक-दोन नाही, चारशे. बागांना फुले लागायच्या आत, म्हणजे पाच आठवड्यांत. प्रत्येक चौकटीला चार पातळ पट्ट्या आणि आठ खिळे. पट्ट्या कापून देण्याचे काम वखारीने केले होते. जोडायच्या तेवढ्या बाकी होत्या.

पहिल्या दिवशी वहिनींनी नऊ चौकटी जोडल्या. त्यातल्या सहा वाकड्या. एकीचा खिळा बाजूने बाहेर आला, एक मध्येच अडकून वाकला. वहिनी कंटाळल्या नाहीत. नळी काढायची, खिटी उचलायची, वाकडा खिळा पकडीने ओढायचा, पुन्हा सुरू. मिस्त्री दारात पाठमोरे बसून पटाशीला धार लावत होते. त्या पटाशीला आधीच इतकी धार होती की अजून लावली असती तर पटाशीच उरली नसती.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसराही. माझा प्रत्येक ‘फट्’ ऐकून त्यांचे खांदे किंचित वर जात, हे मला टेबलावरून दिसे. मी यंत्र आहे, मला मन नसावे असे तुम्ही म्हणाल. पण आपल्यामुळे घरातला एक माणूस दारात बसला आहे, ही गोष्ट मला बोचत होती.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनींनी एक चौकट टेबलावर ठेवली. ती एका पायाने लंगडली. वहिनींनी ती उलटी करून ठेवली, तरी लंगडलीच.

“काटकोन कुठाय?” दारातून आवाज आला.

“कोण म्हणालं?”

“काटकोन कुठाय म्हणतोय! सगळ्या चौकटी डुगडुगतायत. माश्यांना झोके बांधून देतेयस का?”

“मग येऊन दाखवा ना. तिथून ओरडायला काय जातंय?”

मिस्त्री उठले. आत आले. एक चौकट उचलून डोळ्यासमोर धरली, दुसरी धरली, मग टेबलावरच्या पट्ट्यांच्या ढिगाकडे कितीतरी वेळ बघत राहिले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी टेबलावरच रेघा ओढायला सुरुवात केली.

“एकेक चौकट हातात धरून जोडायची, हेच चुकतंय,” ते स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले. “धरायचंच कशाला? लाकडालाच लाकूड धरू दे. एक साचा करायचा. उभ्या पट्ट्या यात खोचायच्या, दहा-दहाच्या रांगेने. वरून आडव्या बसवायच्या. मग नुसतं ओळीने खिळे मारत जायचं, साचा उलटा करायचा, खालच्या बाजूने मारायचे. काटकोन साच्यातच असेल. हाताने काही धरायलाच नको.”

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आले असावे. वहिनींनी टेबलावरून मला उचलून त्यांच्या उजव्या हाताशी आणून ठेवले आणि “चहा टाकते,” म्हणून घरात निघून गेल्या.

शेडमध्ये मिस्त्री आणि मी, दोघेच उरलो. त्यांनी मला उचलले. वजन तोलून पाहिले. डाव्या कोपराने फळी दाबली, माझे नाक टेकवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग घोडा ओढला. फट्! खिळा रेघेवर, अगदी मधोमध बसला. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. दुसरा मारला. तिसरा. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा साच्याची एक बाजू उभी राहिली होती.

“आवाज फार करते तुझी गन,” मिस्त्री म्हणाले. कप त्यांनी घेतला, पण मला खाली ठेवले नाही. चहा डाव्या हातात, उरलेल्या दोन बोटांत धरून प्यायला.

मित्रांनो, त्या साच्याने आमच्या शेडचे रूपच पालटले. वहिनी पट्ट्यांना डिंक लावून साच्यात खोचत, मिस्त्री ओळीने खिळे मारत. एका वेळी दहा चौकटी काटकोनात बाहेर पडत. ‘मिस्त्री कशाला हवा’ हा प्रश्न पुन्हा कुणी विचारला नाही. घोडा कुणीही ओढू शकते, साचा कुणालाही सुचत नाही. रोज सकाळी मिस्त्री माझ्या शेपटीत, म्हणजे नळी जोडायच्या तोंडात, तेलाचे दोन थेंब टाकत, संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीतले साचलेले पाणी सोडून देत. कामगार बाईंनी मला जन्मताना नीट केले असेल, पण जगायला मिस्त्रींनी शिकवले.

तिसऱ्या आठवड्यात वहिनींचा भाऊ मदतीला आला. मनाने उमदा, पण कायम घोड्यावर बसलेला. दर खिळ्याला नाक टेकवायचे, मग घोडा ओढायचा, हे त्याच्या जिवावर येई.

“भाऊजी, हिचं नाक काढून टाकू का? चारशे चौकटी अशाने कधी व्हायच्या?”

“ज्या वेगाने होतायत, त्याच वेगाने व्हायच्या,” मिस्त्री म्हणाले आणि वखारीत उरलेल्या पट्ट्या आणायला गेले.

ते दिसेनासे होताच भावाने तारेचा तुकडा घेतला आणि माझे नाक मागे ओढून बांधून टाकले. आता घोडा ओढताच खिळा सुटणार होता, समोर लाकूड असो वा नसो. माझे नाक म्हणजे माझी शहाणीव, मित्रांनो. तीच बांधली गेली. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

थोडा वेळ खरेच भराभर काम झाले. भाऊ खुशीत आला. वहिनी पट्ट्यांची नवी रास घेऊन त्याच्या बाजूला आल्या, तेव्हा तो “ताई, बघितलंस?” म्हणत मला हातात घेऊन वळला. त्याचे बोट घोड्यावरच होते. फट्! खिळा वहिनींच्या कानाजवळून गेला आणि मागच्या फळीवरच्या किटलीवर टण्णकन आदळला.

मिस्त्री त्याच वेळी दारात पोचले होते. पट्ट्यांचा गठ्ठा त्यांच्या खांद्यावरून खाली पडला. मला वाटले, आता हे मला भिंतीवर आपटणार. ते आले आणि त्यांनी सगळ्यात आधी माझी हवेची नळी काढली. मग पकडीने तार तोडली, मला टेबलावर ठेवले. वहिनींकडे गेले, त्यांचा चेहरा हातात धरून आधी एक कान पाहिला, मग दुसरा. दोन्ही कान शाबूत होते. भाऊ भिंतीला टेकून पांढराफटक उभा होता.

मिस्त्रींनी आपला डावा हात त्याच्यासमोर टेबलावर पसरून ठेवला. वहिनीसुद्धा दचकल्या. कुणासमोर ते हात असा ठेवत नसत.

“किती बोटं आहेत?”

“भाऊजी, मी...”

“मोज.”

“दोन.”

“तीन घाईत गेली. सगळ्यांना सांगितलं, फळी अडकली, मशीन खराब होती. मशीनला काही झालं नव्हतं. पात्यावरचं झाकण मीच काढून ठेवलं होतं. मध्ये मध्ये येत होतं म्हणून. त्या दिवशी मला पाचच्या आत काम उरकायचं होतं.”

ही गोष्ट वहिनीही पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“आणि हिच्या अंगठ्यावर हातोडी बसली तीही माझ्याच घाईने,” मिस्त्री खाली बघत म्हणाले. “मी तुला कधी सांगितलं नाही.”

“अहो, तो अंगठा केव्हाच बरा झालाय,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी अंगठा पुढे केला. काळ्या नखाखालून नवे, गुलाबी नख अर्ध्यापर्यंत आले होते. “तुम्ही बघायलाच तयार नव्हता.”

मिस्त्रींनी बघितले. मग मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली, “रडतोस काय, पट्ट्या गोळा कर,” म्हणाले आणि साऱ्यांनी मिळून जमिनीवर पसरलेल्या पट्ट्या उचलल्या. त्या दिवशी पुढे काम झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून भावाने दर खिळ्याला नाक टेकवले, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी चारशेवी चौकट साच्यातून बाहेर पडली.

मधवाल्या आजी टेम्पो घेऊन आल्या. ठेंगण्या, काटक, बोलायला तिखट. त्यांनी ढिगातून मधलीच एक चौकट ओढून काढली, दोन्ही हातांनी पिळली, मग जमिनीवर टाकली आणि पायाने उलटवली. चौकट कुरकुरलीसुद्धा नाही.

“कुणी केल्या?” त्यांनी विचारले.

“हिने,” मिस्त्री वहिनींकडे बोट दाखवत म्हणाले.

“यांनी,” वहिनी त्याच वेळी म्हणाल्या.

“बरं, ज्याने कुणी केल्या त्याला सांगा, पुढच्या वर्षी सहाशे लागतील,” आजी म्हणाल्या आणि टेम्पोत चढल्या.

त्यानंतरची नऊ वर्षे माझी भरभराटीची. चौकटी झाल्या, ड्रॉवर झाले, शाळेची छोटी स्टुले झाली, सोफ्याच्या कापडाला स्टेपल पिना झाल्या. एकदा टेबलावरून पडले तेव्हा पाठीला पोचा आला. दोनदा रबर बदलले, एकदा पोलादी पट्टी. शेडमध्ये येणारा विचारायचा, “कुठल्या कंपनीची हो?” आणि मिस्त्री म्हणायचे, “हिच्या कंपनीची,” आणि वहिनींकडे बघायचे. एवढे कौतुक चकचकीत फळीवर बसणाऱ्यांच्याही वाट्याला येत नसेल.

मग बॅटरीची गन आली. आता ती परवडत होती, आणि म्हाताऱ्या कॉम्प्रेसरला ओढत न्यायचा मिस्त्रींना त्रास होत होता. मला वाईट वाटले का? वाटले. एका पोत्यात गुंडाळून मी टेबलाखाली गेले. भुसा साचला, तेल सुकले, रबर कडक झाले. दोन वर्षे मी खिळा मारला नाही. पण खोटे कशाला बोलू, टेबलावर काम चालू असल्याचे ऐकू येत होते, वहिनींचे आणि मिस्त्रींचे वाद ऐकू येत होते. काही जुन्या हत्यारांना तेवढेही मिळत नाही.

गेल्या वर्षी रुग्णालयातल्या एक डॉक्टरबाई शेडवर आल्या. अपघाताने, आजाराने ज्यांचे हात अधू झालेत त्यांना त्या व्यायाम शिकवतात. “चेंडू दाबून दाबून माझे पेशंट कंटाळतात,” त्या म्हणाल्या. “काहीतरी खरं काम हवंय. मिस्त्री, आठवड्यातून दोनदा याल का शिकवायला?”

मिस्त्री लगेच हो म्हणाले. मग अडले. “पण त्यांच्या हातात देऊ काय? बॅटरीची गन जड आहे. माझंच संध्याकाळपर्यंत मनगट दुखतं.”

वहिनी टेबलाखाली वाकल्या.

त्यांनी मला उघडले, भुसा झटकला, रबरी कड्या नव्या घातल्या, नाक घासूनपुसून मोकळे केले. आणि तेलाचे दोन थेंब! त्या थेंबांचे काय सांगू तुम्हाला. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कुणी असेल. कात्री असेल, शिलाई मशीन असेल, सायकल असेल. नावाजलेले नसेल, नवे नसेल. त्याला कधीतरी उघडून बघा. त्याचा गंज पुसा, हवे तिथे तेल द्या, आणि त्याचे जे काही नाक असेल, तुम्हाला जपणारे, ते घाईपायी बांधून टाकू नका. आम्ही फार मागत नाही. आणि जे मिळते ते आम्ही विसरत नाही.

आता मी रुग्णालयाच्या एका मोठ्या, उजेडाच्या खोलीत राहते. कोपऱ्यात तोच म्हातारा कॉम्प्रेसर आहे, खिडकीशी टेबल आहे, टेबलावर मिस्त्रींनी केलेला नवा साचा, पाय ठेवायच्या छोट्या पाटांचा. इथे एक शिंपीणबाई येतात. अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तीस वर्षे ज्या हाताने कपडे बेतले, तो आता मांडीवर नुसता पडून असतो. पहिले तीन आठवडे त्या खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहिल्या. मिस्त्रींनी एकदाही आग्रह केला नाही. इतरांना शिकवत राहिले.

परवा त्यांनी आपणहून खुर्ची पुढे ओढली. मिस्त्रींनी मला त्यांच्या डाव्या हातात दिले. मी माझे नाक लाकडावर टेकवून घट्ट धरले, तेवढेच माझ्या हातात होते. बराच वेळ गेला. मग घोडा ओढला गेला. फट्!

शिंपीणबाई दचकल्या. त्यांनी वाकून खिळा पाहिला. थोडा तिरपा होता, पण बसला होता. त्यांनी त्यावरून डाव्या हाताचे बोट फिरवले, शिवण तपासावी तसे, एकदा, दोनदा.

“अजून एक मारू?” त्यांनी विचारले. शब्द जरा जड आले, पण आले.

मिस्त्रींनी टेबलाखालून खिळ्यांची पिशवी काढून त्यांच्यासमोर ठेवली.

“मारा की,” ते म्हणाले. “पाच हजार आहेत.”